कोंडलेला महादेव

अख्ख्या गावाने घागर घागर आणून भरलेला महादेवाचा गाभारा मी एका सकाळी रिकामा केला. चुकून पाय लागला वगैरे काही नाही. नीट विचार करून, बाह्या सरसावून, परोपकार म्हणून केला.

हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे मी प्रवासाची वर्णनं करू लागेन, प्रार्थनासभांबद्दल लिहीन, आणि तुम्हाला वाटेल, आपले फादर मराठवाड्यात जाऊन बरंच काही करून आले. करून आलो खरं.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि त्या भागात पाऊस नव्हता. तिथल्या खेड्यापाड्यांत विखुरलेली आपल्या ख्रिस्ती लोकांची चार-चार घरं आहेत. त्यांच्यात उन्हाळाभर राहून ये, असा मला आदेश झाला. मी वसईचा. नारळ, केळी, दारामागे बावखल (गोड्या पाण्याचं तळं). पाणी म्हणजे खणलं की येणारी वस्तू, अशी माझी समजूत. आईने पिशवीत सुकेळी (वाळवलेली केळी) भरून दिली. "परमुलखात जातोयस, रिकाम्या हाताने कुणाच्या घरी जाऊ नकोस," म्हणाली. परमुलूख म्हणजे आपलंच राज्य. पण मनमाडला छोट्या गाडीत बसून उजाडेपर्यंत खिडकीबाहेर एकही हिरवं झाड दिसलं नाही, तेव्हा मलाही परदेशी आल्यासारखंच वाटू लागलं.

नांदेडला उतरलो. दुसऱ्या दिवशी जवळच अर्धापूरला एका घरी प्रार्थनेला गेलो. आईचा शब्द पाळून सुकेळ्यांचा पुडा घरातल्या बाईंच्या हातात ठेवला आणि वर ऐटीत सांगितलं, "आमच्या वसईची खासियत. केळी उन्हात वाळवून करतात."

बाईंनी पुडा उघडून पाहिला. मग दाराबाहेर हात केला. बाहेर त्यांची केळीची बाग होती. पानं तपकिरी होऊन खोडाला चिकटली होती, घड अंगठ्याएवढे राहून काळे पडले होते.

"आमची झाडावरच वाळून राहिलीत, बाबा," त्या म्हणाल्या. "तुमी उगंच इतक्या लांबून आनली."

अर्धापूर हे केळ्यांचं गाव आहे हे मला नांदेडच्या स्टेशनवर कोणीतरी सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं. पुडा मात्र दिला.

लातूरच्या एस.टी.त माझ्या शेजारी एक कापडवाले व्यापारी बसले होते. कपाळावर भस्माचे तीन आडवे पट्टे, पांढरं धोतर, मांडीवर डबा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन पसरलेली, तिला इतक्या मोठ्या भेगा की वासराचा पाय अडकावा. बाभळीखाली गुरं उभी होती. चरत नव्हती, नुसती उभी होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "आता जिल्हा झाला, सोयी होतील."

"झाल्या की," ते म्हणाले. "पैले दुष्काळ सांगायला उस्मानाबादला जावं लागत होतं. आता हितंच सांगता येतो."

लातुरात दुकानांच्या पाट्यांवर 'जि. उस्मानाबाद' पुसून 'जि. लातूर' लिहिलेलं होतं. काही पाट्यांवर जुनं नीट पुसलं गेलं नव्हतं, त्यामुळे एकाच दुकानाला दोन जिल्हे मिळाले होते. चहावाल्याने कप धुवायला बादलीत बुडवला तेव्हा पाण्याचा रंग चहाचाच होता. मी नाक मुरडलं. त्याने ते पाहिलं आणि माझ्या कपात चहा जरा कमी ओतला.

औशाला उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. किल्ल्याच्या कोरड्या खंदकात शेळ्या फिरत होत्या. तिथून माझं गाव पायी वाटेवर. त्या गावाचं नाव लिहीत नाही. माझ्यापायी त्याने पुरेसं सोसलं आहे.

गावाच्या कडेला, ओढ्याच्या अलीकडे, आपली वस्ती. थोडीच घरं, सगळ्यांची दारं एकमेकांकडे. सुलोचनाबाई दारात उभ्याच होत्या. साठीच्या असाव्यात, विधवा, अंगाने काटकुळ्या, आवाज मात्र ओढ्यापलीकडे जाईल असा. वस्तीत फादर वर्षातून एखाद्या वेळी येतो. बाकीचे सगळे रविवार सुलोचनाबाईच चालवतात. त्यांनी तांब्या पुढे केला. मी वसईच्या सवयीने आधी चूळ भरली आणि दारात थुंकली. पाठोपाठ पायावर उरलेलं ओतलं. वर तांब्या परत करून म्हणालो, "आता जरा प्यायला द्या."

त्यांनी शेजारणीकडे पाहिलं. शेजारीण आपल्या घरात गेली आणि वाटीभर पाणी घेऊन आली.

जेवताना सगळं कळलं. ज्वारीची भाकरी, तिखट पिठलं आणि माहिती, तिन्ही एकदमच. गावातल्या सगळ्या विहिरी आटलेल्या, एकच चालू होती. ती आप्पांची. आप्पा लिंगायत, गावातले मोठे शेतकरी. सकाळी सगळं गाव तिथून पाणी भरायचं. दुपारी, गावाचं झाल्यावर, वस्तीची पाळी. ही पाळी गावात सगळ्यांना मंजूर नव्हती. आप्पांनी "तान सगळ्यांना सारखीच लागती" एवढं म्हणून उन्हाळ्यापुरती लावून दिली होती.

"म्हून सांगते, फादर," सुलोचनाबाई म्हणाल्या, "हितं जपून ऱ्हावा. आमचा घसा आप्पाच्या हिरीत हाय."

मी मान डोलावली. संध्याकाळच्या प्रार्थनेत मी येशू विहिरीवर जिच्याकडे पाणी मागतो त्या शोमरोनी स्त्रीचा उतारा निवडला. सगळ्या बायबलातून तोच. 'जो मी दिलेलं पाणी पिईल त्याला पुन्हा कधी तहान लागणार नाही' या येशूच्या जिवंत पाण्यावर मी बराच वेळ, हातवारे करून बोललो. घसा कोरडा पडला म्हणून मधेच पाणीही मागितलं.

प्रार्थना संपल्यावर सुलोचनाबाईंनी विचारलं, "ते जितं पानी, फादर, किती खोल लागलं म्हनायचं?"

सगळे हसले. मीही हसलो, जरा उशिराने.

आता ती सकाळ.

मी पहाटेच टमरेल घेऊन ओढ्याकडे गेलो. परत येताना वाट महादेवाच्या देवळामागून होती. काळ्या दगडाचं जुनं देऊळ, उतारावर बांधलेलं. गाभारा आत खोल उतरून. मागच्या भिंतीत गोमुख होतं, अभिषेकाचं पाणी बाहेर पडतं ते. त्या गोमुखात चिखलाचा आणि गोणपाटाचा एवढा मोठा बोळा बसला होता. बोळा ओला. त्यावर गांधीलमाश्या बसून पाणी शोषत होत्या.

इथे माझा वसईचा जन्म आडवा आला. आमच्या वाडीत पाट तुंबला की लहानपणी मला तो मोकळा करायला पाठवायचे. तुंबलेलं पाणी दिसलं की अजूनही माझी बोटं शिवशिवतात. आणि त्यातच तो दुसरा विचार आला. तो सांगायची लाज वाटते, पण सांगतो. मला वाटलं, ख्रिस्ती धर्मगुरू आपल्या हाताने हिंदूंच्या देवळाची मोरी साफ करतोय, हे गावाने बघितलं तर! शिष्यांचे पाय धुणाऱ्याचा मी सेवक. कोणी बघावं म्हणून मी दोनदा मोठ्याने खोकलोही. कोणी आलं नाही. मग म्हटलं, देव तर बघतोय. एक काठी घेतली, बोळ्याच्या कडेने खुपसली आणि ओढला.

पाणी असं उसळलं की माझा झगा कमरेपर्यंत भिजला. मी "देवाची स्तुती असो" असं म्हणालो. खरंच म्हणालो. किती दिवसांचं तुंबलं होतं बिचाऱ्यांचं! धार उतारावरून ओढ्याकडे धावली, मातीने ती तोंड लावून प्यायली. कुठून कोण जाणे शेळ्या आल्या, चिमण्या आल्या. आणि पाण्यातून बेलाची पानं वाहत येऊ लागली. हिरवीगार, ताजी.

तुंबलेल्या मोरीत ताजा बेल? इथे मला पहिली शंका आली. धारेचा जोर तर कमी होईना. एका मोरीत एवढं पाणी? इथे दुसरी शंका आली. मी बोळा उचलून परत कोंबू लागलो. तो हातातच विरघळला. तळहात लावले, बोटांमधून पाणी. शेवटी मी भिंतीकडे पाठ करून गोमुखावर बसलो, पाय रोवून, सगळं वजन टाकून.

आप्पा आले तेव्हा मी असा बसलो होतो. दोन्ही बाजूंनी पाणी उडत होतं, पुढे शेळ्या माझ्याकडे बघत उभ्या होत्या.

"पाद्रीबाबा," ते म्हणाले, "हे काय करायलाव?"

आप्पा धिप्पाड, उघड्या अंगाचे. छातीवर चांदीच्या डबीत इष्टलिंग. त्याची पूजा होईपर्यंत ते सकाळी पाण्याचा थेंबही घेत नाहीत, हे मला नंतर कळलं. त्यांनी मला हाताला धरून उठवलं. रागाने नव्हे, खुर्चीवरून पाहुण्याला उठवावं तसं. ते शांत उभे राहून शेवटचं पाणी जाताना बघत राहिले.

त्या भागात पाऊस फारच रुसला की महादेव कोंडतात. गोमुख बुजवायचं, घराघरातून पाणी आणून गाभाऱ्यात ओतायचं, पिंड पूर्ण बुडवायची आणि दार लावून घ्यायचं. देव पाण्यात गुदमरला की पाऊस सोडतो. गावाने पिण्यातलं पाणी काढून दिवसांमागून दिवस तो गाभारा भरला होता. मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण हे कोणाला ठाऊक नसेल हेच कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

दार उघडलं तेव्हा पिंड वर आलेली होती. भिंतीवर पाण्याची ओली रेघ तेवढी उरली होती, आणि ती आमच्या डोळ्यांदेखत वाळत होती.

देवळासमोर गाव जमलं. मी भिजलेला झगा घेऊन पायरीखाली उभा. कोणी मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. एकजण ओरडला, पण माझ्यावर नाही. "वस्तीचं पानी बंद करा! येवढी पाळी दिली, त्येचं हे फळ!"

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "वस्तीचा काही संबंध नाही. काय दंड करायचा तो मला करा."

"पावन्याला दंड नसतो," आप्पा म्हणाले. "पावना ज्येच्या घरचा, त्येच्याकडं बगायचं."

सगळ्यांच्या माना वळल्या. सुलोचनाबाई मागे उभ्या होत्या, डोक्यावर पदर ओढून. मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. त्यांच्या पायांकडे बघितलं.

"आप्पा," त्या म्हणाल्या, "पाळी तोडू नका. उद्याचं आमचं पानी म्हादेवाला. सगळ्या वस्तीचं. वस्ती उद्या घरी न्हेनार न्हाई."

"ह्येंच्या घागरीचं पानी गाभाऱ्यात?" मघाचाच माणूस म्हणाला. पहिल्या वेळी वस्तीकडून पाणी घेतलंच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

आप्पांनी जरा विचार केला. "हीर माझी," ते म्हणाले. "पानी हिरीचं. घागर कुनाची का असंना."

माणसं पांगली. मी सुलोचनाबाईंच्या मागे धावलो. "उद्या तुम्ही पाणी देऊ नका. मी लातूरला जातो. आता तिथे जिल्ह्याची कचेरी आहे. टँकर घेऊनच येतो."

"जावा," त्या म्हणाल्या. "वाईच झगा वाळवून जावा."

लातूरला पोचलो तेव्हा कचेरीत टेबलांवरून अजून गवत झाडत होते. सामान नुकतंच ट्रकमधून उतरलं होतं. टंचाईचं काम बघणारा कारकून तरुण होता, सभ्य होता. त्याने मला त्या खोलीतली एकुलती खुर्ची दिली आणि स्वतः उभा राहिला.

"गावात एकपण हीर चालू न्हाई का?" त्याने विचारलं.

खोटं बोलायचा मोह झाला. "एक आहे," मी म्हणालो.

"मंग नंबर लागायला येळ लागल, फादर. एकपण न्हाई अशी गावं लई हायेत. पानी प्यायलाच पायजे ना?"

"पिण्यासाठी नाही. महादेवाच्या गाभाऱ्यात भरायला."

त्याने माझ्या गळ्यातला क्रूस बघितला. मग माझा चेहरा बघितला. मग माठातून पेलाभर पाणी काढून माझ्यासमोर ठेवलं. "बसा जरा," तो म्हणाला. "ऊन लई हाय."

शेवटची गाडी चुकली. रात्र स्टँडवर गेली. दुसऱ्या दिवशी औशाहून गावाकडे चालताना मी मनात भाषण जुळवत होतो: नंबर लागेल, मी पाठपुरावा करीन, तोवर तुम्ही तुमचं पाणी देऊ नका. वस्तीशी पोचलो तर वस्ती रिकामी. देवळाकडे गेलो. सगळी वस्ती रांगेत उभी होती, विहिरीपासून देवळाच्या पायरीपर्यंत. म्हाताऱ्या होत्या, एक गरोदर बाई होती. घागर हातोहात पुढे जात होती. पायरीवर गावातला माणूस ती घेऊन आत ओतत होता. वस्ती पायरीखालीच होती.

मी रांगेत घुसलो. दोन घागरींच्या मधे हात पुढे केला. शेजारच्या बाईने मला घागर दिली नाही. माझ्यापुढून हात लांबवून पलीकडे दिली. मी पुन्हा हात केला. पुन्हा पलीकडे गेली. सुलोचनाबाई पायरीजवळून ओरडल्या, "फादर, बाजूला बसा. सांडल."

मी बाजूला बसलो.

मी लोकांची पापं ऐकणारा माणूस. कबुलीनंतर प्रायश्चित्त सांगतो: इतक्या वेळा नमो मरिया म्हणा, अमक्याची क्षमा मागा. आपल्या पापाचं मोल दुसऱ्याने भरलं, हे मी दर रविवारी शिकवतो. तेच तर आपल्या धर्माचं मूळ. आजवर ते मला किती सुंदर वाटत आलं होतं. त्या दिवशी मी ते बसून बघितलं. भरणारे घामाघूम झाले होते, त्यांचे ओठ फुटले होते, आणि भरताना कोणी माझ्याकडे प्रेमाने बघत नव्हतं. सुंदर काही नव्हतं. क्रूसाखाली जे उभे राहिले होते त्यांच्यात मी नेहमी स्वतःला धरत आलो होतो. पण तिथे बाजूला बसून बघणारेही होते, त्यांच्याबद्दल मी कधी प्रवचन केलं नव्हतं.

एक शंका त्याही अवस्थेत माझ्या डोक्यात आली, सवयीने. संध्याकाळी ती सुलोचनाबाईंना विचारलीच. "आपल्या लोकांनी दुसऱ्या देवाला पाणी घालणं... म्हणजे आपल्या श्रद्धेच्या दृष्टीने..."

त्या चूल पेटवत होत्या. चुलीवर काही नव्हतं. शिजवायला पाणी नव्हतं. शेजारच्या घरातून आलेली कालची भाकरी त्या नुसती शेकत होत्या.

"येसूनं इच्यारलं तर सांगन मी," त्या म्हणाल्या. "तुमी नका घोर लावून घेऊ."

मग थोड्या वेळाने, चुलीकडेच बघत, "आजवर आमच्या हातचं पानी त्या पायरीवर कुनी घेतलं न्हवतं. माझ्या आज्याचं न्हाई, बाचं न्हाई. आज घेतलं. मान मिळाला, पानी गेलं."

त्या हे बरं म्हणून सांगत होत्या की वाईट म्हणून, मला कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. त्यांनी भाकरी माझ्यापुढे ठेवली आणि शेजारी एक तांब्या. तांब्यात पाणी होतं.

"हे कुठलं?"

"राखलं व्हतं. पावन्याला कसं नसंल?"

मी ते पाणी प्यायलो. नाही प्यायलो असतो तर त्यांचा अपमान झाला असता, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण, तहान लागली होती.

दुसऱ्या सकाळी आप्पांकडे गेलो. ते ओसरीवर पूजा आटोपून बसले होते. मी क्षमा मागितली. लांबलचक मागितली, तिच्यात थोडं बायबलही आलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"वस्तीची पाळी?" मी विचारलं.

"हाय तशीच हाय. आज दुपारी भरतील." मग म्हणाले, "त्या बाईनं शब्द दिला, पाळला. तिच्यासाठी हाय."

माझ्यासाठी नाही, हे त्यांनी म्हटलं नाही. मला ऐकू मात्र आलं.

उन्हाळाभर राहण्याचा आदेश होता, पण मी तिथे राहिलो असतो तर रोज एक तोंड जास्त, एक तांब्या जास्त. म्हणून निघालो. पुढचे महिने मुखेडकडच्या वस्त्यांत काढले. तिथे पोचल्यावर आधी विचारत असे, इथे कशाला हात लावायचा नाही ते सांगा. लोकांना वाटे फादर फार नम्र आहेत. पाऊस त्या उन्हाळ्यात कोंडलेल्या महादेवानेही सोडला नाही आणि माझ्या प्रार्थनांनीही पडला नाही. त्या बाबतीत आमची दोघांची बरोबरी राहिली. आता वसईला परत येऊन हे लिहितोय. मागच्या दारी बावखल भरलेलं आहे. आंघोळीला बसलो की तांब्या अर्ध्यावर थांबतो. आईला वाटतं, पोराला तिकडची बाधा झाली. तसंच म्हणायचं.

निघताना सुलोचनाबाई औशाच्या फाट्यापर्यंत आल्या होत्या. माझी पिशवी त्यांनीच घेतली होती, मला देईनात. गाडी दिसू लागली तेव्हा मला राहवलं नाही.

"मी परत येईन, सुलोचनाबाई," मी म्हणालो. "या वस्तीसाठी, पावसासाठी रोज प्रार्थना करीन, आणि नक्की परत येईन."

त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली.

"प्रार्थना तिकडूनच करा, फादर," त्या म्हणाल्या. "यायचं ते पाऊस पडल्यावर या."